'ढ' कोणाला म्हणता?

सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपी आणि आजची देवनागरी यांच्यात दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात जवळजवळ प्रत्येक अक्षराचे रूप पालटले. एक अक्षर मात्र होते तसेच राहिले, ते म्हणजे 'ढ'. म्हणूनच ज्या पोरात काही फरक पडत नाही त्याला मास्तर लोक 'ढ' म्हणू लागले, असे सांगितले जाते. अशोकाच्या अक्षराची अशी शिवी व्हावी याचे आम्हाला वाईट वाटतेच. पण त्याहून अधिक वाईट वाटते ते या शिवीखाली शाळेबाहेर फेकल्या गेलेल्या आमच्या वस्त्यांतील पोरांचे.

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. तेथे एक मुलगा येत असे. नववीत दुसऱ्यांदा बसलेला. आई साफसफाईच्या कामावर, बाप नाक्यावर उभा राहणारा मजूर. भीमजयंतीच्या मिरवणुकीत हा पोरगा एकामागून एक गाणी म्हणायचा, एकही कडवे न चुकता, कागद हाती न घेता. विहारातील पंखा बिघडला तर खोलून दुरुस्त करायचा. पण पुस्तकातील चार ओळी मोठ्याने वाचायला सांगितल्या की घामाघूम व्हायचा. 'घर' लिहायला सांगितले तर कधी 'धर' लिही, कधी 'रघ'. फळ्यावरचे उतरवून घेताना मधल्या दोन ओळी गायब. शाळेने त्याच्या आईला बोलावून सांगितले, याला काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा, आमचा दहावीचा निकाल खराब होतो. वर एक शिक्षक असेही बोलले की, सवलतींवर वाढलेल्यांकडून आणखी काय अपेक्षा करायची?

ती माउली विहारात येऊन म्हणाली, "दादा, ह्याच्या डोक्यात काय जातच नाही हो."

आणि आम्ही काय केले? आम्हीही त्याला उपदेशच पाजला! बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत होते, तुला दोन तास बसवत नाही का, असे आम्ही त्याला चारचौघांत विचारले. जयंतीनिमित्त अठरा तास सलग अभ्यासाचा उपक्रम झाला तेव्हा त्याला पहिल्या रांगेत बसवले. ज्या मुलाला ओळीतील अक्षरे जागेवर थांबत नाहीत असे वाटते, त्याला आम्ही अठरा तास त्याच ओळींसमोर बसवले. ती शिक्षा होती, हे आम्हाला फार उशिरा कळले. ही कबुली आधी देतो, आणि मगच व्यवस्थेकडे बोट दाखवतो.

हा आळस नव्हे, हा मतिमंदपणाही नव्हे

वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखाद्या गोष्टीत मेंदूला विशिष्ट अडचण येते. बाकीची बुद्धी शाबूत असते, कित्येकदा तल्लखही असते. या अवस्थेला अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनाची असेल तर डिस्लेक्सिया, लेखनाची असेल तर डिसग्राफिया, गणिताची असेल तर डिस्कॅल्क्युलिया, अशी तिची नावे आहेत. ती मारून जात नाही, शिकवणीला पैसे भरून जात नाही, गंडेदोरे बांधून तर मुळीच जात नाही. मात्र योग्य पद्धतीने शिकवले आणि परीक्षेत योग्य सोय दिली तर असा विद्यार्थी शिकतो, पुढे जातो.

आपल्या मराठी लिपीत या मुलांची विशेष कोंडी होते. 'कि' मध्ये वेलांटी आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर. 'घ' आणि 'ध', 'य' आणि 'थ', 'भ' आणि 'म' दिसायला जवळजवळ सारखे. त्यात जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ. साधारण मूल दुसरी-तिसरीपर्यंत हा डोंगर चढून जाते. अध्ययन अक्षम मूल पायथ्याशीच राहते, पण ऐकून ऐकून पाठ करून वेळ मारून नेते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास न करण्याचे धोरण आले. गरिबाचे मूल शाळेत टिकावे म्हणून ते धोरण आवश्यकच होते. पण नापास करायचे नाही याचा अर्थ तपासायचेच नाही, असा सोयीस्कर अर्थ पुष्कळ शाळांनी लावला. परिणामी मूल नववीत येते तेव्हा इतिहास, विज्ञान, भूमिती सगळे वाचूनच शिकायचे असते, आणि तेथे त्याचे सगळे सोंग एकदम उघडे पडते. गळती नेमकी येथे होते. पुढे २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीचा आधार घेऊन महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीच्या परीक्षेनंतर मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद आणली. आमचा सवाल साधा आहे. ज्याची अडचण तुम्ही ओळखलीच नाही, त्याला त्याच वर्गात आणखी एक वर्ष बसवून काय साधणार?

कायदा आहे, पण कोणासाठी?

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्येच अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेतील सवलती रीतसर मंजूर केल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. कलम १६ अन्वये मुलांमधील ही अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य ते उपाय करणे हे शिक्षण संस्थांचे कर्तव्य ठरले. केंद्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये तपासणीची पद्धत घालून दिली. त्यानुसार तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी शिक्षकांनी प्राथमिक चाचपणी करायची, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक शाळेत समिती असायची, आणि शंका आल्यास मुलाला पुढे पाठवायचे. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांनी मिळून तपासणी करायची. दाखला मिळाल्यावर १४ व्या आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी.

आता वाचकांनी आपल्या मुलाच्या शाळेत जाऊन एवढेच विचारावे, ही समिती कोठे बसते? तिची शेवटची बैठक कधी झाली? उत्तर काय येईल ते आम्ही सांगायला नको.

२००७ साली 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला. सारा देश रडला. डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचला, हे त्या चित्रपटाचे श्रेय आम्ही मान्य करतो. पण त्या चित्रपटातील मुलगा इंग्रजी शाळेतला होता, त्याला वसतिगृहाची फी भरणारा बाप होता आणि जीव लावणारा कला शिक्षक होता. चित्रपटगृहात डोळे पुसणाऱ्या किती जणांना आपल्या मोलकरणीच्या मुलाची आठवण झाली? इंग्रजी माध्यमातील सुशिक्षित आई-बाप अडचण लवकर हेरतात, खाजगी तज्ज्ञाकडे जातात, अर्ज कसा करायचा हे त्यांना ठाऊक असते. आमच्या नाक्यावरच्या मजुराला शासकीय रुग्णालयात एका दिवसात काम होत नाही. कानाची तपासणी, डोळ्याची तपासणी, बुद्ध्यांक, मग वाचन-लेखनाच्या चाचण्या, प्रत्येकीची वेगळी तारीख, आणि प्रत्येक तारखेला एक रोज बुडतो. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, आणि आता हा चौथा दाखला! ज्याला सर्वाधिक गरज, त्याच्याच वाट्याला सर्वाधिक चकरा.

भाषेचाही प्रश्न आहे. चाचण्या बराच काळ इंग्रजीतच होत्या. मराठी माध्यमातल्या मुलाची अडचण मराठीतून मोजण्याचे साधन हवे होते. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांसाठी 'डाली' हा चाचणीसंच तयार केला आहे. तो जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या प्रत्येक शाळेपर्यंत गेला पाहिजे आणि तो वापरण्याचे शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले पाहिजे.

सावधान, हा शिक्का उलटूही शकतो

येथे आम्ही समाजबांधवांना एका धोक्याची सूचना देऊ इच्छितो. 'असर' च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातील २८ जिल्ह्यांतील १४ ते १८ वयोगटाची चाचणी घेतली गेली. त्यांपैकी सुमारे २५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सलग वाचता आला नाही. ही सारी मुले काय अध्ययन अक्षम आहेत? मुळीच नाही! त्यांना शिकवलेच गेले नाही. शिक्षकांची पदे रिकामी, असलेले शिक्षक निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामाला, एका खोलीत दोन-दोन वर्ग. शासनाचे हे अपयश मुलांच्या मेंदूवर ढकलले जाता कामा नये.

तसेच आमचे मूल 'पाणी' ऐवजी 'पानी' लिहिते, 'आणि' ऐवजी 'आनी' लिहिते, तेव्हा तो मेंदूचा दोष नसतो. ती त्याच्या घरची बोली असते. जे कानाने ऐकले तेच त्याने लिहिले. बोलीला आजार ठरवणारा तपासनीस आणि बोलीला गावंढळ ठरवणारा मास्तर हे एकाच माळेचे मणी होत. तपासणी करणाऱ्याला मुलाची बोली कळली पाहिजे, हा आमचा आग्रह आहे.

अमेरिकेतील काळ्या बांधवांनी हा अनुभव घेतला आहे. कॅलिफोर्निया राज्यात बुद्ध्यांक चाचणीच्या आधारे काळ्या मुलांना मंदबुद्धींच्या वेगळ्या वर्गांत ढकलले जात होते. शाळांतील एकूण मुलांत त्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के, तर या वर्गांत सुमारे २५ टक्के होते. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील सहा काळ्या मुलांच्या वतीने खटला दाखल झाला. १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी त्या चाचण्यांच्या आधारे काळ्या मुलांना असे वेगळे काढण्यास मनाई केली. लॅरी पी. खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. यातून आम्ही शिकायचे ते हे की, मुलाला मदत मिळवून देणारी तपासणी वेगळी आणि मुलाला वर्गाबाहेर काढणारी तपासणी वेगळी. पहिलीसाठी भांडायचे, दुसरीला अडवायचे. आमच्या पिढ्यानपिढ्यांना वर्गाबाहेर बसवले गेले. आता दाखला हातात देऊन पुन्हा बाहेर बसवाल तर ते चालणार नाही.

सवलत म्हणजे मेहेरबानी नव्हे

दहावीच्या परीक्षेत दाखलाधारक विद्यार्थ्याला वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणकयंत्राचा वापर, अशा सोयी आहेत. काहींना एका भाषेऐवजी किंवा बीजगणित-भूमितीऐवजी पर्यायी विषय आणि सातवीच्या पातळीचे अंकगणित घेता येते. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ सांगितला आहे. मात्र पालकांनी एक लक्षात ठेवावे. गणित सोडले की पुढे विज्ञान आणि अभियांत्रिकीची वाट बंद होते. ज्याला केवळ लिहायला त्रास आहे आणि गणिताचे डोके उत्तम आहे, अशा मुलाचा विषय शाळा स्वतःच्या सोयीसाठी बदलत असेल तर तेथे सही करू नका.

या सोयी पाहून काही लोक कुजबुजतात, 'यांना आणखी एक सवलत!' हा सूर आम्हाला नवीन नाही. आरक्षणाच्या विरोधात हाच सूर आम्ही आयुष्यभर ऐकला आहे. १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या अवघा आठवडाभर आधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले होते. त्यांचे म्हणणे असे होते की, जे समाज विषम पातळीवर उभे आहेत त्यांना समान पातळीवर आणायचे तर मागे पडलेल्यांना झुकते माप द्यावेच लागेल. शतक होत आले. वाढीव वेळ मागणाऱ्या मुलाची बाजू मांडायला यापेक्षा वेगळा युक्तिवाद कशाला हवा? चष्मा लावणाऱ्याला कोणी म्हणत नाही की तू कॉपी करतोस. मग लेखनिक घेणाऱ्याला का म्हणावे?

सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले आहे. ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार निकालात, लिहिताना हाताला त्रास होणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारता येणार नाही, अशी सोय देणे हा समानतेचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला 'नीट' परीक्षेत हक्काचा एक तास नाकारला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य करून परीक्षा यंत्रणेला त्यावर उपाय शोधण्यास सांगितले. आणि २८ ऑक्टोबर २०२१ च्या दुसऱ्या निकालात दिव्यांग विद्यार्थ्यांमागे किती विशेष शिक्षक असावेत याचे प्रमाण ठरवून देण्याचा आदेश न्यायालयाने केंद्र शासनाला दिला. माध्यमिक शाळांतील आमच्या मुलांना असा शिक्षक भेटतो काय, हा प्रश्न प्रत्येक आमदाराला विचारला पाहिजे.

विहारांनी काय करावे?

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाची कैफियत मांडली, तेव्हा शाळा नव्हती म्हणून भांडायचे होते. आज शाळा आहे, पण मूल त्या शाळेत असूनही शिकत नाही. म्हणून लढाईचे ठिकाण बदलले आहे. शासनाने करायचे ते शासनाकडून करून घेऊच. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात नियमित तपासणी, एकाच दिवशी सर्व चाचण्या, बुडालेल्या रोजाची भरपाई, प्रत्येक माध्यमिक शाळेला विशेष शिक्षक, आणि तपासणी झालेल्या मुलांची जातवार व माध्यमवार आकडेवारी, या आमच्या मागण्या आहेत.

पण तोवर आमच्या विहारांतील अभ्यासिकांना कोणी अडवले आहे? ज्याला वाचता येत नाही त्याला धडा वाचून दाखवा. ऐकून त्याला समजते. मोबाईलवर धडे ध्वनिमुद्रित करून द्या, सुशिक्षित तरुण-तरुणींना हे रोज अर्ध्या तासाचे काम आहे. त्याचे उत्तर आधी तोंडी घ्या, मग लिहायला सांगा. अक्षरे वाळूत, पाटीवर, हवेत बोटाने गिरवून घ्या. एका वेळी एकच जोडाक्षर, पक्के होईपर्यंत. गणितासाठी चौकटीची वही द्या म्हणजे आकडे घसरत नाहीत. चारचौघांत मोठ्याने वाचायला लावू नका. आणि तपासणीच्या दिवशी त्या आईसोबत रुग्णालयात एक कार्यकर्ता जाऊ द्या. मोर्चाला आम्ही ट्रक भरून जातो, तसे एका आईसोबत एक जण जायला काय हरकत आहे?

आमच्या त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. अभ्यासिकेत येणाऱ्या एका भगिनीने विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम केला होता. तिने त्याची वही पाहिली आणि आम्हाला बाजूला घेऊन सांगितले की, हा मुलगा ढ नाही, तुम्ही सगळे आंधळे आहात. रुग्णालयाच्या फेऱ्यांत पाच महिने गेले. दाखला मिळाला. शाळेने कुरकुर केली, कायदा दाखवल्यावर गप्प बसली. लेखनिक घेऊन, वाढीव वेळ घेऊन तो दहावीला बसला आणि ५२ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाला. आता आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम करतो आहे.

त्या वर्षी विहारात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. ७५ टक्क्यांच्या वरच्या मुलांना बोलावले होते. हा पोरगा मंडपाची वायरिंग करून मागे उभा होता. त्याला कोणी व्यासपीठावर बोलावले नाही. ती ७५ टक्क्यांची अट घालणाऱ्या समितीत आम्हीही होतो. व्यवस्था गुणांनी माणूस मोजते म्हणून आम्ही तिला नावे ठेवतो, आणि आमच्याच विहारात तोच तराजू लावतो!

यंदा ती अट आम्ही काढून टाकली आहे. दहावीला बसलेल्या वस्तीतील प्रत्येक मुलाला हार घालायचा, नापास झालेल्यालाही. आणि नापास झालेल्याच्या घरी दुसऱ्याच दिवशी दोन कार्यकर्त्यांनी जाऊन तो का नापास झाला हे विचारायचे, असे ठरले आहे. आपल्या वस्तीतही हे व्हावे. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले ते सर्वांना म्हटले. ज्याला लवकर येते त्यालाच शिका, असे ते म्हणाले नव्हते.

जय भीम!